खडपावरचा तास

निवृत्तीला महिना उरला होता तेव्हा आमच्या शाळेतल्या क्लार्कने माझं सेवापुस्तक माझ्यापुढे उघडून ठेवलं. एका पानावर लाल शाईत एक ओळ आहे: ‘क्षेत्रभेटीदरम्यान दाखवलेल्या निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीद.’ तो भला माणूस. हळूच म्हणाला, एक अर्ज द्या बाई, ही ओळ रद्द करून घेऊ, जाताना पुस्तक स्वच्छ असावं. मी म्हटलं, राहू दे. त्याला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. मीही पुन्हा तेच सांगितलं.

ती ओळ मी का राहू दिली, हे एकदा लिहून टाकायचं होतं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘नोकरीतले गोड क्षण’ मागितले आहेत. गोडाचं इतर लेखक बघतील.

मुरुडच्या अलीकडे, समुद्राला लागून असलेल्या गावात आमचं हायस्कूल आहे. गावाचा वरचा भाग नारळी-पोफळीच्या वाड्यांचा, खालचा कोळीवाडा. मी वरच्या भागातली. तिथे एकतीस वर्षं मी नववी-दहावीला विज्ञान शिकवलं आणि ते होता होईल तेवढं वर्गाबाहेर शिकवलं. त्यामुळे मला गावात ‘सहलीच्या बाई’ म्हणत. हे नाव मला कधीच आवडलं नाही. सहल म्हणजे एस.टी. ठरवायची, गाणी म्हणायची, डबे खायचे आणि ओकाऱ्या काढत परत यायचं. क्षेत्रभेट म्हणजे एक प्रश्न घेऊन जायचं आणि उत्तर हाताने शोधून आणायचं. उत्तर सापडलं नाही तर तसं लिहून आणायचं. एवढा फरक मी एकतीस वर्षं लोकांना सांगितला आणि एकतीस वर्षं लोकांनी मला विचारलं, “यंदा सहल कुठे?”

पालीला सगळ्या शाळा जातात. बल्लाळेश्वराचं दर्शन, प्रसाद, परत. आम्हीही जायचो, पण दर्शन झालं की जवळच उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत तिथे मुलांना तापमापी देऊन बसवायचं. काठावर किती, मध्ये किती, सावलीत किती, सगळं तक्त्यात भरायचं. एकदा एका पालकांनी तक्रार केली की बाई देवस्थानी येऊन थर्मामीटर लावतात. मी त्यांना विचारलं, देवाला ताप मोजलेला चालत नाही असं कुठे लिहिलंय? पुढच्या वर्षी त्यांनी मुलाला पाठवलं नाही.

न्हावा शेव्याला बंदर बघायला नेलं तेव्हा आमच्या परवानगीच्या कागदावर कुठलासा शिक्का कमी निघाला. फाटकावरच्या माणसाने आत सोडलं नाही. बसमध्ये पन्नास मुलं रडवेली झाली. मग समोरच्या चहाच्या टपरीशेजारी सगळ्यांना बसवलं आणि प्रश्न दिला: कंटेनर न उघडता तो भरलेला आहे की रिकामा हे ओळखून दाखवा. तासाभरात मुलांनी शोधून काढलं की रिकामा ट्रेलर खड्ड्यात आदळला की डबा खडखडतो आणि उडतो, भरलेला नुसता दबतो, टायर बसतात, चढावर इंजिनचा आवाज जड होतो. टपरीवर चहा पिणारे दोन ड्रायव्हर परीक्षक झाले. फाटक उघडलं असतं तर मुलांनी एवढं पाहिलं नसतं, असं मी त्या फाटकावरच्या माणसाला जाताना सांगूनही आले.

अशी माझी जीभ. मैत्रिणी म्हणत, तुझं कामापेक्षा तोंडच जास्त चालतं. त्या तोंडानेच एकदा माती खाल्ली, आणि खरी गोष्ट तीच आहे.

शाळेपासून समुद्र सातशे पावलांवर. किनाऱ्यापासून थोडं आत एक खडप आहे, म्हणजे पसरट काळा कातळ. ओहोटीला तो उघडा पडतो. मध्ये एक चर आहे. ओहोटीची पुरी वेळ झाली की चर जेमतेम कोरडा होतो आणि पलीकडे जाता येतं. पलीकडे कालवं, शंख, खेकडे, कातळाच्या खळग्यांत फुलणारी समुद्रफुलं, असं सगळं जितंजागतं पुस्तक मांडलेलं असतं. मुलं प्लंबरच्या पाइपची एक मीटरची चौकट कातळावर टाकत आणि तिच्या आत काय काय आहे ते मोजत. पाण्याजवळच्या चौकटीत एक हिशेब, वरच्या चौकटीत दुसरा. का बरं, हा प्रश्न. हे दाखवायला आमच्या शाळेने डिजिटल वर्गही उभारला होता, त्यात समुद्रफूल पडद्यावर फुटभर दिसायचं. सातशे पावलांवरचा समुद्र पडद्यावर दाखवायला मी शेवटपर्यंत नकार दिला.

खडपावर जायचं तर पाण्याची वेळ कळायला हवी. आमच्याकडे त्याचा सोपा हिशेब आहे. कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला पूर्ण भरती आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊला, पूर्ण ओहोटी. वडिलांनी मला हे शिकवलं, मी मुलांना शिकवलं. घटक चाचणीत दरवर्षी दोन गुणांना विचारायचेही: भरतीची वेळ कशी काढाल?

त्या वर्षी नववीत दर्शना होती. कोळीवाड्यातली, शेवटच्या बाकावरची, वर्गात तोंड न उघडणारी. शाळेआधी आईबरोबर खडपावर कालवं काढायला जायची आणि पहिल्या तासाला परकराची कड ओली घेऊनच यायची. तिचे वडील म्हणत होते, नववी पुष्कळ झाली. आई, भारतीताई, एकटी नवऱ्याशी भांडून तिला शाळेत ठेवत होती. शाळेकडून काही वाकडं कानावर आलं असतं तर ती आईही हरली असती. हे मला ठाऊक होतं.

चाचणीत त्या प्रश्नाला दर्शनाने एकच ओळ लिहिली होती: ‘काल पाणी कवा फिरलं ते बघायचं, आज पाऊण तास पुढं धरायचं.’ मी लाल पेनाने शून्य दिलं आणि शेजारी लिहिलं, ‘तिथी?’

क्षेत्रभेट ठरली थंडीत, वद्य चतुर्थीला. संकष्टी. निम्म्या मुलांच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी होती आणि बाकीची निम्मी त्या डब्यांकडे बघत होती. आदल्या दिवशी मी फळ्यावर पाऊणपट करून दाखवली होती. ओहोटी नऊला, आपण आठला पलीकडे, साडेनऊपर्यंत काम, आरामात परत. फळ्यावरच्या गणिताखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. दोन रेघा मारल्या की शिक्षकाला ते गणित देवाने सोडवल्यासारखं वाटतं.

चौतीस मुलं आणि मी. आठला चर ओलांडला, चौकटी टाकल्या, काम सुरू झालं. साडेआठच्या सुमाराला दर्शना माझ्याजवळ आली. ती आपणहून जवळ आली याचंच मला नवल वाटलं.

“बाई, पानी फिरलं हाय.”

मी घड्याळ दाखवलं. म्हटलं, नऊ वाजायचेत, भरती लागायला वेळ आहे, जा, चौकट मोज.

ती गेली नाही. “काल साडेसातला फिरलं, मी आईसंगं हितंच व्हते. आज सव्वाआठाला फिरलं. आपुन निघूया.”

सांगायला शरम वाटते, पण लिहितेच. मी तिला विचारलं, “आज तिथी कोणती?” बाकीची मुलं ऐकत होती, काही हसली. मी म्हटलं, चतुर्थी. काल फळ्यावर काय केलं आपण? ती खाली बघत राहिली आणि मी जिंकले.

दहा मिनिटांनी बघते तर ती चौकट टाकून चराकडे निघालेली, मागे शेवटच्या बाकांवरच्या चार मुली. मी मोठ्याने ओरडले की परवानगीशिवाय एकानेही हलायचं नाही. मुली थांबल्या. दर्शना चरापर्यंत जाऊन उभी राहिली. तिच्या घोट्यापर्यंत पाणी होतं. नऊ वाजता पोटऱ्यांपर्यंत आलं. पाणी ओसरायला हवं त्या वेळी चढत होतं आणि मी, विज्ञानाची शिक्षिका, घड्याळाकडे बघत होते. ‘डोळ्यांनी दिसेल ते मांडा’ असं वर्षानुवर्षं मुलांच्या वह्यांवर लिहिणारी मी, सात-आठ मिनिटं तशीच उभी होते.

मग एकदाचा कंठ फुटला. सगळं टाका, निघा, म्हटलं. पुढचं दर्शनाने केलं. चराच्या तळाशी एक उंचवटा आहे, वरून दिसत नाही, कालवं काढणाऱ्या बायकांना पायांनी माहीत असतो. तिने मुलांना एकमेकांचे हात धरायला लावले आणि त्या उंचवट्यावरून एकेक करत पार नेलं. स्वतः मधोमध उभी राहिली, पाणी मांड्यांपर्यंत येईतो. शेवटी मी. तिने माझाही हात धरला.

कुणाला खरचटलंही नाही. बूट भिजले, वह्या भिजल्या, दोन चौकटी समुद्राने नेल्या. किनाऱ्यावर आल्यावर मी तिला विचारलं, माझं चुकलं कुठे?

ती म्हणाली, “बाई, काल बीज व्हती, आज चौथ. मधली तीज कॅलेंडरात गेली. पानी कसं जाईल?”

घरी येऊन कॅलेंडर काढलं. तृतीयेचा क्षय, असं स्वच्छ छापलेलं होतं. पंचांगात कधी कधी एक तिथी गळते. तिथी चंद्राच्या हिशेबाने पुढे उडी मारते, पण पाणी रोज पाऊण तासच पुढे सरकतं. माझं गणित एक पायरी जास्त चढलं होतं, पाऊण तासाची. कोळीवाड्यातल्या कुणालाही ही चूक करता आली नसती, कारण ते आजची वेळ कालच्या पाण्यावरून काढतात. ती चूक करायला शिकलेलं माणूसच लागतं.

किनाऱ्यावरून कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला होता. मांडीभर पाण्यात मुलांची साखळी आणि मागे मी, पदर खोचलेली. दुपारपर्यंत तो पालकांच्या ग्रुपवर सगळीकडे फिरला. सोमवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावणं आलं. तिथे शाळा समितीचे अध्यक्ष बसले होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. वरच्या भागातलेच, नात्यातलेही.

आप्पांनी फार मायेने बोलायला सुरुवात केली. म्हणाले, तू नावाजलेली शिक्षिका, पेपरात नाव यायला नको. मुख्याध्यापकांनी एक मसुदा तयार ठेवला होता. त्यात लिहिलं होतं की एक विद्यार्थिनी परवानगीशिवाय पाण्यात उतरली, तिच्यामागे इतर मुलं गेली, त्यामुळे गोंधळ झाला, तिच्या पालकांना समज देण्यात येत आहे. मी फक्त खाली सही करायची होती.

मी विचारलं, नाव कुणाचं घालणार? आप्पा म्हणाले, “ती कोळणीची पोर उतरली ना आधी? सगळ्यांनी पाहिलंय. तिचं काय जातंय? तसंही तिचा बाप तिला शाळेतून काढणारच आहे.”

मला आधी घाम फुटला, मग राग आला. घाम यासाठी की मसुद्यातला एकही शब्द खोटा नव्हता. ती परवानगीशिवाय उतरली होती. परवानगी नाकारणारी मी होते, एवढंच त्यात लिहिलेलं नव्हतं. आणि राग यासाठी की आप्पांनी मला ‘आपल्यातली’ समजून हे सुचवलं होतं. ते चूकही नव्हते, शून्य देताना मी आपल्यातलीच होते.

मी मसुदा उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर, त्यांच्यासमोर बसून लिहिलं. तिथी क्षय असल्याचे मी पाहिले नाही. विद्यार्थिनीने दोनदा सावध केले, मी ऐकले नाही. तिच्या आज्ञाभंगामुळे चौतीस मुले सुखरूप परत आली. सही केली. मुख्याध्यापक सर कपाळाला हात लावून बसले. ते मनाने वाईट नव्हते, त्यांना फक्त शांतता हवी होती. आप्पा एवढंच म्हणाले की मग पुढचं तू बघ.

पुढचं आलं. लाल शाईची ती ओळ आली. आणि दुसरा कागद आला, तो जास्त लागला: यापुढे कोणत्याही वर्गास शालेय वेळेत समुद्रकिनारी नेऊ नये. चूक माझी होती, शिक्षा चौतीस मुलांना. त्यांच्यानंतरच्यांनाही. हे मी पालकसभेत उभी राहून बोलले. माझ्या चुकीची शिक्षा मला द्या, समुद्राला देऊ नका, म्हटलं. वरच्या भागातले पालक खाली बघत होते.

मागच्या रांगेतून भारतीताई उठली. ती पालकसभेला पहिल्यांदाच आली होती, घरून बहुधा भांडूनच. तिला बोलताना थांबवायचं कुणाला सुचलं नाही.

“माजी पोर खोटं सांगत नाय. मी आयतवारी कालवांना जाते. ज्याला आपली पोरं शिकवायची हायेत त्यानं पोरांना घेऊन यावं, आपुन संगं यावं. खडप काय शाळेचं न्हाय. ह्या बाईंना यायचं तर त्यांनी पन यावं, पन घड्याळ आमचं.”

पहिल्या रविवारी सात मुलं आली, त्यांचे आई किंवा बाबा आले, आणि मी आले, मनगट मोकळं ठेवून. रविवार ही शालेय वेळ नव्हे, आणि मुलांना मी नेलं नव्हतं, त्यांच्या आईबापांनी आणलं होतं. कागदातल्या एका शब्दाचाही भंग झाला नाही. आप्पांनी एकदा विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, मी कालवं काढायला शिकतेय, त्याला समितीची परवानगी लागते का? निवृत्त होईपर्यंत एकही थंडी चुकली नाही. शेवटच्या वर्षी चाळीसच्या वर मुलं होती. आप्पांची नात त्यात होती, आईबरोबर आलेली, आणि आप्पा वाडीच्या दगडी गडग्यावर उभे राहून लांबून बघत होते. मी हात केला, त्यांनी केला नाही.

आता घरी बसून सल्ले देते. शाळा सुरक्षित ठेवायच्या म्हणून मुलांना चार भिंतींत डांबणाऱ्यांना मी विचारते, की ज्या गावात पाणी दारात येतं तिथे पाणी न ओळखणारी मुलं सुरक्षित कशी? त्या दिवशी खडपावर सर्वांत धोकादायक वस्तू कोणती होती, तर फळ्यावरचं गणित आणि त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारी बाई. उपाय म्हणून त्यांनी फळा ठेवला आणि समुद्र बंद केला. यावर मी गप्प बसणार नाही, निवृत्तिवेतन बंद करतो म्हणालात तरी.

एक काम मात्र मी त्याच आठवड्यात केलं होतं. ताकीद हातात पडली त्या दिवशी चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा कपाटातून काढला. दर्शनाचा पेपर शोधला. शून्य खोडलं, दोनापैकी दोन लिहिले, ‘तिथी?’ खोडलं, शेजारी सही केली. मुख्याध्यापक सर म्हणाले, बाई, गुण नोंदवून झालेत, आता बदलता येत नाहीत. मी म्हटलं, मग तुमची नोंद चूक राहील, पेपर चूक राहणार नाही.

मधल्या सुट्टीत तिला बोलावून तो पेपर दिला. तिने खोडलेल्या ‘तिथी?’वर बोट ठेवलं. तिला वाटलं असणार, मी पुन्हा काही विचारणार.

“बाई,” ती म्हणाली, “तिथी पन लिवायची व्हती ना?”

मी म्हटलं, “न्हाय.”